हेलिकॉप्टरचं टेंडर आणि माझा एक प्रश्न

“सर, पानी उठाना कहाँ से है?”

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये मी उभा राहून विचारलं. एका डोंगराळ राज्याच्या वनखात्याला जंगलातले वणवे विझवायला भाड्याने हेलिकॉप्टर हवं होतं. त्याची ही प्री-बिड मीटिंग. म्हणजे टेंडर भरायच्या आधी कंपन्यांनी शंका विचारायच्या आणि खात्याने उत्तरं द्यायची. उत्तर मात्र सगळ्यांनाच मिळतं, विचारणाऱ्या एकट्याला नाही.

प्रश्न विचारला तो समोरच्या रांगेतल्या अभिजितची जिरवायला. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळतो. एकाच ऑफिसात शेजारी बसून आम्ही टेंडरं भरली. मग तो नोएडातल्या मोठ्या कंपनीत गेला. तिथे त्याला केबिन मिळाली, ड्रायव्हरसकट गाडी मिळाली. मी अजून द्वारकेहून मेट्रोने येतो. बरं, माजलाय म्हणावं तर तेही नाही. भेटला की मिठी मारतो, घरच्यांची चौकशी करतो. त्याने तर माझं डोकं आणखीनच फिरतं.

आता थोडं कामाचं. हेलिकॉप्टरखाली लांब दोराला बकेट लटकवतात. ती तलावात बुडवायची, भरली की आगीवर नेऊन रिकामी करायची. अभिजितच्या कंपनीचं हेलिकॉप्टर मोठं, त्याची बकेटही मोठी, तिला पाणी खोल लागतं. आमचं हेलिकॉप्टर लहान, त्याचं गावतळ्यावरही भागतं. पण टेंडरमध्ये अट होती मोठ्या बकेटची. त्या जंगलांजवळ खोल तलाव नाहीत, हे मी आमच्या पायलटकडून काढून घेतलं होतं. खात्याने ते कबूल केलं, की अट बदलणार आणि अभिजितचं धूड घरी बसणार, असा माझा हिशेब.

हे काम मिळवणं आम्हाला भागच होतं. आमचे बॉस कपूरसाहेब गाडीतच म्हणाले होते, “ये कॉन्ट्रॅक्ट गया तो हेलिकॉप्टर लीजवालों को वापस. और तुम्हारी नौकरी भी गई समझो.”

“बात तो सही है,” वनखात्याचे साहेब म्हणाले. “वहाँ तालाब छोटे ही हैं.”

कपूरसाहेबांनी टेबलाखाली माझा गुडघा थोपटला. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात अभिजित उठला. “बहुत बढ़िया सवाल है, सर. हमारे पास गहरी फोल्डिंग टंकी है. सड़क किनारे खोल दो, टैंकर से भरो, हेलिकॉप्टर उसी में बकेट डुबोएगा. तालाब चाहिए ही नहीं.”

साहेब खूश! “अरे वाह! ये तो कंपल्सरी कर देते हैं.”

बकेटची अट तशीच राहिली. वर टेंडरला कोरिजेंडम निघालं, म्हणजे अधिकृत दुरुस्ती: प्रत्येक कंपनीने फोल्डिंग टंकी आणि ती चालवणारी माणसं द्यावीत. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. टंकी बाहेरून मागवायची तर वणव्यांचा मोसम संपल्यावर आली असती. तरी आम्ही टेंडर भरलं. टेक्निकलमध्ये, म्हणजे अटींच्या छाननीतच, बाद झालो. एकदा तिथे बाद झालात की तुमचा रेट उघडूनही बघत नाहीत.

“पूछना ज़रूरी था?” कपूरसाहेबांनी विचारलं.

उन्हाळ्यात अभिजितच्या हेलिकॉप्टरचा फोटो पेपरात आला. रस्त्याकडेला निळी टंकी, वर लटकणारी बकेट, मागे धूर. एका गावाच्या वेशीवर आलेला वणवा त्यांनी विझवला होता. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी पोटात दुखलं, ते बराच वेळ.

तोवर आमचं हेलिकॉप्टर परत गेलं होतं आणि मी दारोदार बायोडेटा पाठवत होतो. एक दिवस अभिजितचा फोन आला.

“अरे, त्या दिवशी तू वाचवलंस यार आम्हाला! पाण्याचं आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. टंकी गोडाऊनमध्ये धूळ खात पडली होती. तू विचारलंस तेव्हा मला आठवली.”

“हो का?” मी म्हणालो.

“टेंडरला तुझ्यासारखा माणूस हवाय. येतोस?”

घरी बसून स्वाभिमान जपण्याएवढी ऐपत नव्हती. गेलो. आता वणव्यांची टेंडरं मी तयार करतो आणि सहीला अभिजितकडे नेतो. तो ती नीट वाचतो, चूक काढत नाही, वर सगळ्यांसमोर माझं कौतुक करतो. मी अजून जळतोच, फक्त आता पगार त्याच्या कंपनीचा.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगतो. प्री-बिडमध्ये दुसऱ्याला अडकवणारा प्रश्न जरूर विचारा, पण त्याचं उत्तर कुणाच्या गोडाऊनमध्ये पडलंय, ते आधी बघून या.