आत्यानं न दिलेली कात्री

माझी आत्या सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं रक्त तपासत होती. मनानं सरळ, जिभेनं तिखट. कॅल्शियमसाठी रक्त घ्यायचं असलं की दंडाला पट्टी बांधायचीच नाही, हा तिचा हट्ट. पट्टी जास्त वेळ आवळून राहिली की आकडा उगीच चढतो, म्हणायची. मग शीर सापडेपर्यंत पेशंटशी गप्पा मारत बसायची. बाहेर रांग वाढायची, साहेब ओरडायचे, आमच्या बाईसाहेब ढिम्म.

या आत्यानं एकदा आईची शिवणाची कात्री नेली, ती नेलीच. अकरा वर्षं आई तिला दारातच विचारायची, "वन्सं, कात्री आणलीत?"

"विसरले बाई." मग दोघी तासभर चहा पीत बसायच्या. काय दिवस होते ते!

पुढे आईचं काहीतरी बिनसलं. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, सारखी मोरीत पळायची, पोट साफ होत नव्हतं. गॅसवर दूध ठेवून खिडकीशी बसून राहायची. बोलणं जवळजवळ बंद. डॉक्टरांनी मनाचा आजार ठरवून झोपेच्या गोळ्या दिल्या, आणि आम्हीही माना डोलावल्या. ते मला अजून खुपतं.

एका रविवारी आत्या आली. आई "या" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

आत्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "कात्री मागितली नाही हिनं! मनाचं नाही हे. ही तहान, हे पोट, मागच्या वर्षीचा मुतखडा... उद्या कॅल्शियम बघू."

आकडा आला चौदा. असायला हवा दहाच्या आत-बाहेर. डॉक्टर हसले, "पट्टी फार वेळ बांधली असेल."

"पट्टी? मी?" आत्याचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला.

तिनं त्यांच्यासमोर पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा चौदा. मग धावपळ झाली. आईला दाखल केलं, सलाइनच्या बाटल्या चढल्या. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात म्हणे. त्यातली एक फुगून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. ऑपरेशन करून ती काढली.

तिसऱ्या दिवशी आईनं कॉटजवळ बसलेल्या आत्याकडे नीट पाहिलं. "वन्सं, कात्री आणलीत?"

आत्याला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"आता तरी देऊन टाक गं," मी तिला जिन्यात म्हणाले.

"वेडी की काय? दिली तर ती विचारेल काय? आणि ती बरी आहे हे मला कळणार कसं?"

आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या कपाटात कात्री सापडली, तेलाचा हात फिरवून जुन्या रिपोर्टात गुंडाळलेली. मी ती आईच्या हातात ठेवली. आईनं दोनदा उघडमिट करून पाहिली. धार शाबूत होती.

"कात्री कोणाला हवी होती गं?" आई म्हणाली.