मोटर उलटी का फिरली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कारण इतकं तांत्रिक आहे की सांगितलं तरी कोणाला कळणार – अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. पण न कळण्यासारखं त्यात काय आहे?

इंदूरच्या कापडाच्या मिल्स बंद पडत होत्या आणि सांवेर रोडला नवे कारखाने येत होते, तेव्हाची गोष्ट. मी ड्राइव्ह बसवून द्यायचो. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग आणि दिशा ठरवणारी पेटी. तेव्हा ती नवी होती. सोयाबीनच्या एका कारखान्यात माल पुढे ढकलणाऱ्या लांब स्क्रूच्या मोटरला ती लावायची होती. तिथले इलेक्ट्रिशियन वसंतजी मिलमधून आलेले. मिलच्या माणसांना तेव्हा कोणी घेत नव्हतं. त्यांना घेतलं, याचं त्यांना अप्रूप होतं.

सकाळी स्क्रू रिकामा चालवून पाहिला. मोटर उलटी फिरली. मी ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये दिशा बदलली, काम झालं. हे मी कोणाला बोललो नाही – त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. दुपारी मेन बंद करून वसंतजींनी येणाऱ्या केबलचे लग्ज बदलले, म्हणजे तारांच्या टोकांना नवी टोपणं बसवली. काम नीट केलं होतं. मी पाहिलं होतं.

मग उरलं वेळेचं काम. मोटरने पूर्ण वेग घेतला की काही सेकंदांनी ड्राइव्हने इशारा द्यायचा आणि वरच्या हॉपरचं, म्हणजे माल सोडणाऱ्या नसराळ्याचं, दार उघडायचं. ते जमेना. सेटिंगमध्ये माझा गोंधळ झाला, म्हणून मी सगळं पुसून ड्राइव्ह मूळ अवस्थेत आणला. वेग पुन्हा भरला, वेळ पुन्हा भरली. दिशा बदलायची राहिली. पुन्हा रिकामा चालवून बघायला हवं होतं – कारखान्याचे मालक सेठजी येऊन उभे होते, मी सरळ माल सोडायला सांगितलं.

दार अगदी वेळेवर उघडलं. स्क्रू उलटा फिरत होता. माल मागे दाबला गेला, झाकण फाटलं, स्क्रू वाकला. कोणाला लागलं नाही.

सेठजींनी विचारलं, “वायर को हाथ किसने लगाया था?”

“मैंने, सेठजी,” वसंतजी म्हणाले. “लग बदले थे. दो तार इधर के उधर हो गए होंगे.”

मिलमध्ये तसंच व्हायचं. दोन तारा अदलाबदल झाल्या की मोटर उलटी. पण ड्राइव्हकडे येणाऱ्या तारा कशाही लावा, पुढे मोटरच्या दिशेला फरक पडत नाही; ती दिशा ड्राइव्ह ठरवतो. त्या जागेत हे फक्त मला ठाऊक होतं. सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मान हलवली – हो म्हणून.

वसंतजींना त्याच संध्याकाळी काढलं. जाताना ते माझ्याकडे आले; तिथे आम्ही दोघेच होतो. मला वाटलं, त्यांना कळलं. ते म्हणाले, “भिया,” – इंदुरात भैयाला भिया म्हणतात – “तुमची दिवसभराची मेहनत वाया घालवली मी. माफ करा.” मी म्हणालो, “होतं असं, वसंतजी.”

नंतर मी सेटिंग दुरुस्त केली. नवा स्क्रू आल्यावर मोटर सुलट चालली, माझ्या कामाची तारीफ झाली.

पुढे ते एकदा सियागंजच्या बाजारात भेटले. मेव्हण्याच्या दुकानात स्क्रू-खिळे तोलत होते. विजेचं काम सोडलंत का, असं मीच विचारलं – का विचारलं असेन? ते हसून म्हणाले, “घरचा फ्यूजसुद्धा आता शेजाऱ्याला घालायला सांगतो. हातावर भरवसा नाही राहिला, भिया.”

तेव्हाही दुकानात आम्ही दोघेच होतो. त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायलो आणि निघालो.