आप्पांचा घारा डोळा

मी डोळे रंगवतो. गावाकडं हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, भिंतीवरचे का? भिंतीवरचेही रंगवलेत. पण गेली नऊ वर्षं मी बेंगळुरूच्या एका संस्थेत आहे आणि आता कृत्रिम डोळ्यांची बुबुळं रंगवतो. आजारानं नाहीतर अपघातानं ज्याचा एक डोळा काढावा लागला, त्याला उरलेल्या डोळ्याशी जुळणारा दुसरा डोळा आम्ही करून देतो. त्यातून दिसत काही नाही. पण समोरच्याला दोन डोळे दिसतात, आणि माणूस पुन्हा मान वर करून बोलायला लागतो.

शिक्षण म्हणाल तर सातवी. कंधार तालुक्यातलं आमचं गाव. शाळा सुटल्यावर कंधारमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकलो आणि हात चांगला बसला तोवर फ्लेक्स आले. मग गावातल्या एकाच्या ओळखीनं बेंगळुरूला गेलो, बिल्डिंगा रंगवायला. संस्थेची एक खोली रंगवायचं काम आमच्याकडं आलं. एका भिंतीचा हातभर तुकडाच खराब झाला होता आणि ठेकेदार म्हणाला, सगळी भिंत कशाला, तेवढंच मार. मी जुन्या भिंतीला जुळेल असा रंग कालवून मारला. दुसऱ्या दिवशी डोळे बनवणाऱ्या म्याडम आल्या आणि खराब जागा कुठं होती ते शोधत बसल्या. त्यांना सापडली नाही. त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" मला वाटलं काहीतरी चुकलंय. हात मागं घेऊन मी कबूल केलं, "मी." तेव्हापासून मी त्यांच्याकडं आहे.

पहिली काही वर्षं साचे घासायचं आणि पॉलिशचं काम होतं. म्याडम शेजारी बसून बुबुळं रंगवायच्या आणि मी बघायचो. त्यांची मातृभाषा कन्नड, माझी मराठी, आमचं बोलणं दोन्हींच्या मधल्या हिंदीत. एकदा त्यांनी सांगितलं की जगातल्या सगळ्या माणसांच्या बुबुळात रंग एकच असतो, तपकिरी. तो भरपूर असला की डोळा काळा दिसतो, कमी असला की घारा, आणि अगदीच कमी असला की निळा. निळ्या डोळ्यात निळा रंग नसतोच. आभाळात कुठं निळा रंग कालवलेला असतो, उजेड पसरतो म्हणून ते निळं दिसतं, तसंच हे.

मी म्हणालो, "मग आपण निळी पुडी कशाला वापरतो?"

"तुझ्याकडं उजेड पसरवणारं बुबुळ आहे का? नाही ना? मग पुडी वापर."

मला हे ऐकताना माझी बहीण आठवत होती. तिचे डोळे घारे. आमच्या घरात सगळ्यांचे काळे आणि हिचेच मधासारखे, कडेला थोडे हिरवट. गल्लीतल्या बाया आईला विचारायच्या, "ही कुणावर गेली गं?" विचारायची रीत अशी की आईनं मान खाली घालावी. पोरी बहिणीला मांजरी म्हणायच्या. म्याडमनी सांगितलं की डोळ्याचा रंग आई आणि बाप दोघांकडून येतो, एकाच गोष्टीवर ठरत नाही, आणि कमी रंगाचा वारसा दोन-तीन पिढ्या लपून राहून एखाद्या लेकरात वर येऊ शकतो. त्याच संध्याकाळी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे त्या बायांना सांगायला तू तवा कुठं होतास?"

पुढं बहिणीला मुलगी झाली, तिचे डोळे जन्मतः राखाडी. घरात कुजबूज सुरू झाली तेव्हा मी फोनवर सांगितलं की थांबा, लेकराच्या बुबुळात रंग हळूहळू भरतो, वर्षभर तरी बघा. वर्षाच्या आत तिचे डोळे तपकिरी झाले. आईनं तेही गल्लीभर सांगितलं, "माझ्या लेकानं आधीच सांगितलं होतं." सातवी शिकलेल्या लेकाबद्दल असं सांगायची तिला पहिल्यांदाच संधी मिळाली होती.

एवढ्यावरून मी हुशार झालो असं नाही. मोठ्या माणसाच्या डोळ्याचा रंग सहसा बदलत नाही, असं म्याडमनी सांगितलं होतं. त्यातलं 'सहसा' मी सोडून दिलं आणि बाकीचं पाठ केलं.

संस्थेचे एक देणगीदार मूळचे लातूरचे, म्हणून वर्षातून दोनदा लातूरला आमचं शिबिर असतं. एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलं मांडतो. नांदेड, उदगीर, अहमदपूर, कुठून कुठून लोक येतात. तिथं म्याडमनी पहिल्यांदा एक पूर्ण डोळा माझ्या एकट्यावर सोडला. संस्थेतल्या मोठ्या लोकांना ते पसंत नव्हतं. डिप्लोमा झालेली माणसं मिळत असताना सातवीवाल्याच्या हातात ब्रश कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्याडमनी भांडून एक वर्ष मागून घेतलं. अट अशी की रंगाबद्दल एक जरी तक्रार आली तरी मी परत साचे घासायला बसायचं. हे त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं नाही, आणि त्यानंतर मला रात्री नीट झोप लागेना.

तो पहिला डोळा चाकूरच्या आप्पांचा. लिंगायत वाणी, किराण्याचं दुकान, कपाळाला विभूती, साठीच्या पुढचं वय. डावा डोळा काचबिंदूनं गेला होता आणि फार दुखायचा म्हणून डॉक्टरांनी काढून टाकला होता. उजवा शाबूत होता, आणि तो घारा होता. थेट माझ्या बहिणीसारखा. मी म्हणालो, हा रंग मला कुणी शिकवायची गरज नाही.

हॉलमध्ये आदल्या दिवशीच्या लग्नाचे गुलाबी पडदे तसेच लटकत होते. मी आप्पांना मागच्या खिडकीपाशी नेलं. बुबुळ आम्ही बटणाएवढ्या चकतीवर रंगवतो, तिला बटणच म्हणतो. बाहेरचं कडं आधी, मग आतला सोनेरी पट्टा, मग बारीक रेषा. वर पारदर्शक थर चढला की रंग गडद दिसतो, म्हणून चकतीवर पाण्याचा थेंब ठेवून बघायचं. मी अशी चार बटणं पुसली, पाचवं जमलं. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे धागे सुटे करून शिरा बसवल्या. डोळा बसवल्यावर आप्पांनी आरसा घेतला, मान इकडून तिकडं फिरवली आणि म्हणाले, "पेंटर, बेस हाय." एवढंच. तरी मी दिवसभर उगाच शिट्टी वाजवत होतो.

पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये आप्पा परत आले. समोर तीसेक माणसं बसलेली. आप्पा थेट माझ्या टेबलापाशी आले आणि खड्या आवाजात म्हणाले, "पेंटर, तुमचा रंग उडाला की."

मी वर बघितलं. खरंच, दोन्ही डोळे दोन माणसांचे वाटत होते. मी केलेला डावा मधासारखा, आणि उजवा चांगला तपकिरी.

"दुकानात लोकं डाळीकडं बघंनात, माझ्याच तोंडाकडं बघून राहिलेत. सून म्हणती, एका डोळ्यानं सासरा, एका डोळ्यानं पाहुणा."

लोक हसले, आप्पाही हसले. मला हसू येईना. म्याडम उठून आल्या, आप्पांची हनुवटी धरून दोन्ही डोळे बघितले आणि हळूच मला म्हणाल्या, "रंग चुकलाय." आप्पांची उदगीरकडची सोयरीक, त्यांना कन्नड येत होतं. ते म्याडमशी कन्नडमध्ये बोलायला लागले आणि मी नुसता उभा. नऊ वर्षांत तेवढं कन्नड मला कळायला लागलं होतं, म्हणून ते माझी बाजू घेतायत हेही कळलं. म्हणत होते, माणूस चांगला आहे, त्याला रागवू नका. त्यानं तर मला रडूच यायला लागलं.

डोक्यात एकच चाललं होतं. गुलाबी पडदे. मी खिडकीपाशी बसलो होतो, पण पडद्याचा उजेड आला असेल तर? बहिणीचे डोळे आठवून आठवून मी तिचाच रंग तर नाही ना लावला? तक्रार झाली, आता परत साचे.

रंगवताना मी एक सवय ठेवलीय. जमलेल्या बटणासारखंच दुसरं बटण रंगवतो आणि डबीत जपून ठेवतो, पुढंमागं डोळा हरवला तर लागेल म्हणून. लातूरची डबी पिशवीत होती. आप्पांचं बटण काढलं, त्यावर थेंब ठेवला आणि त्यांच्या डाव्या डोळ्याशेजारी धरलं. तंतोतंत तेच. म्हणजे रंग उडाला नव्हता. मग चुकला होता का? आप्पांना विचारलं, गेल्या वर्षीचा फोटो आहे का. शिबिरानंतर महिनाभरात पुतण्याचं लग्न होतं, त्यातला मोबाईलवर निघाला. फेटा बांधून आप्पा समोर बघतायत आणि दोन्ही डोळे सारखे.

म्याडम मोबाईल हातात घेऊन म्हणाल्या, "फोटोत रंगाचं खरं धरता येत नाही." खरं होतं ते.

मी आप्पांना खिडकीपाशी नेऊन बसवलं. आता रंगाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि डोळ्याच्या आजूबाजूला बघितलं. उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस लांब झाले होते. लांब, दाट आणि काळेभोर, एखाद्या तान्ह्या लेकराच्या असतात तसे. डाव्या पापणीचे साठीतल्या माणसाचे, विरळ. हे गेल्या वर्षी नव्हतं. पापणीवर माझं लक्ष असतंच, कारण डोळा बसवताना आधी ती उचलावी लागते.

"आप्पा, या डोळ्यात काही टाकता का?"

"टाकतो की. डावा गेला, आता ह्यो तरी राहू दे म्हणून डॉक्टरनं थेंब दिलेत. झोपताना एक." त्यांनी बंडीच्या खिशातून छोटी बाटली काढली. "कामून? ह्यानं काय झालं?"

मला माहीत नव्हतं काय झालं. मी बाटली घेऊन शिबिरातल्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडं गेलो. त्या वयानं माझ्याहून लहान, पण त्यांच्यापुढं बोलताना माझी जीभ अडखळते. कसंबसं विचारलं, "डॉक्टर, यानं डोळ्याचा रंग बदलतो का?"

त्यांनी बाटली वाचली आणि उठून आप्पांकडं आल्या. टॉर्च लावून बघितलं. म्हणाल्या, हो. डोळ्यातलं प्रेशर कमी करणारे हे थेंब काही लोकांच्या बुबुळातला तपकिरी रंग वाढवतात. काळ्या डोळ्यात ते कळत नाही, घाऱ्या डोळ्यात दिसतं. हळूहळू होतं, म्हणून घरच्यांच्याही लक्षात येत नाही. पापण्याही वाढतात. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पापण्यांवरून," मी म्हणालो.

आप्पांनी विचारलं, "मंग थेंब बंद केले तर रंग वापस येतो का?"

"रंग येणार नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या, "आणि असलेली नजर जाईल. थेंब बंद करायचे नाहीत, आप्पा."

"न्हाई करत. रंग काय, पेंटर बसलाय की."

म्याडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. आत्ता हातातला ब्रश काढून घेतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "थेंब चालू राहणार. रंग आणखी वाढेल, किती ते सांगता येत नाही. किती गडद करायचा?" विचारत होत्या मला. नऊ वर्षांत असा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता.

मी नवा डोळा आजच्या उजव्याहून अर्धी छटा गडद केला. मधाचा पट्टा ठेवला, पण बारीक. डोळा बसवल्यावर आप्पा आरशात बघून म्हणाले, "आता ह्यो उलटा काळा दिसून राहिला."

"सहा महिने थांबा आप्पा. नाही जुळला तर पुढच्या शिबिराला सगळ्यांसमोर शिव्या द्या."

"देईन," ते म्हणाले.

तक्रार म्याडमनी लपवली नाही. बेंगळुरूला अहवाल गेला, पहिला डोळा, दुसरा डोळा, थेंब, पापण्या, सगळं लिहून. पंधरा दिवस मी साच्यांच्या टेबलाकडं बघायचंही टाळलं. मग एक दिवस म्याडमनी नवा छापील फॉर्म माझ्यापुढं ठेवला. जुन्या फॉर्ममध्ये नाव, वय, डोळा कधी गेला, एवढंच असायचं. आता खाली एक ओळ वाढली होती: शिल्लक डोळ्यात कुठले थेंब टाकता, आणि किती दिवसांपासून. कानडी, तेलुगू, मराठी, तिन्ही भाषांत. म्हणाल्या, "ब्रश तुझ्याकडंच राहणार. मराठी बरोबर आहे का बघ." मी तीनदा वाचलं. बरोबर होतं. तो कागद घडी घालून घरी नेला आणि आईला फोनवर ती ओळ वाचून दाखवली.

आप्पा पुढच्या शिबिराला आले तेव्हा रांगेत पहिले होते. मी फॉर्म घेतला आणि विचारलं, "उजव्या डोळ्यात कुठले थेंब टाकता?"

"पेंटर, तुमालाच म्हाईत हाय की."

"माहीत आहे. पण आता विचारावंच लागतं, फॉर्ममध्ये आहे."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मी नाव उतरवून घेतलं आणि त्यांना खिडकीपाशी नेलं. उजवा डोळा आणखी थोडा गडद झाला होता. डावा मी सोडला होता तिथंच. टॉर्चनं बघितलं, टॉर्च बंद करून बघितलं, उन्हाकडं तोंड करून बघितलं.

"काय एवढं बघून राहिले? जुळला न्हाई का?"

"जुळलाय आप्पा."

"मला दुकानातच कळालं ते. गिऱ्हाईक आता काट्याकडं बघतंय, माझ्याकडं न्हाई." ते उठले, टोपी सारखी केली, आणि मागं बसलेल्या तीस माणसांकडं वळून खड्या आवाजात म्हणाले, "ह्यो पेंटर आपल्या कंधारचा हाय. जा, बसा त्याच्याकडं."