वरचे चार दात

"वरचे चारही काढावे लागतील," डॉक्टर म्हणाल्या. सई माझ्या मांडीवर बसून त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मगरीचे दात घासत होती. नुकतीच तीन वर्षांची झाली होती ती. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं.

आम्ही गेलो होतो ओठ सुजला म्हणून. अंगात ताप होता. कुठेतरी आपटली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

आजाराचं नाव अर्ली चाइल्डहूड कॅरीज. म्हणजे अगदी लहान वयात दातांना लागणारी कीड. डॉक्टरांनी समजावलं, मूल झोपलं की तोंडातली लाळ कमी होते. तोंडात बाटली असेल तर दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. त्यात साखर असली की विचारायलाच नको. खालचे दात जिभेआड असतात म्हणून वाचतात. सईचे खालचे दात स्वच्छ होते, म्हणून तर आम्ही गाफील राहिलो.

हिरडीजवळ पांढरट रेघ मला आधीच दिसली होती. ती तपकिरी झाली तेव्हा मी नाहूरला आईकडे विषय काढला. मी ऑफिसात असताना सईला तीच सांभाळते.

"दुदाचे दात ते, पडतलेच. कित्याक घाबरतस गो?" आई म्हणाली.

नवऱ्याचं तेच, शेजारणीचंही तेच. मलाही पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. बाटली दिली की सई पटकन झोपायची आणि मला सकाळच्या डब्याची तयारी करता यायची.

"दुधाचे दात पडतात, पण आपल्या वेळेला," डॉक्टर म्हणाल्या. "इथे पू मुळाशी गेलाय. वर हाडात पक्के दात तयार होताहेत, त्यांनाही धोका आहे." ते पक्के दात यायला ती सात-आठ वर्षांची व्हावी लागणार होती.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात जनरल अॅनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल दिली. त्यासाठी सईला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. तिला आत नेलं तशी ती "मम्मा" म्हणून ओरडली. मग आवाज थांबला. त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

बाहेर बाकावर आई तोंडाला पदर लावून बसली होती. तिला खूप काही सुनावावंसं वाटत होतं. पण बाटली भरून देणारे हात काय एकट्या तिचेच होते? मी तिच्याजवळ सरकून बसले.

तुमच्या घरी बाटली घेऊन झोपणारं मूल असेल, तर एवढं ऐका. पहिला दात आला की दातांच्या डॉक्टरांना दाखवा. झोपताना बाटली देऊ नका. मूल रडेल, तुमचीही झोप जाईल, जाऊ दे. आणि पांढरी रेघ दिसली तर शेजारणीला विचारत बसू नका.

घरी आल्यावर सईने बाटली मागितलीच नाही. चला, एक विषय सुटला म्हणून मला हायसं वाटलं. दोन-चार दिवसांनी मी तिला वरणभात भरवत होते, तेव्हा तिने विचारलं, "मम्मा, डॉक्टर माझे दात कधी देणार?"

मी म्हटलं, "नवीन येतील, मोठे मोठे."

"मी आता शहाणी झाले ना? बाटली पण नाही मागत. सांग ना त्यांना."

जेवली नाहीस तर डॉक्टर येतील, हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. तिला ते खरं वाटलं होतं. दात नेले ही तिच्या लेखी शिक्षा होती, आणि ती एकटीच भोगत होती.

तुझं काही चुकलं नाही, हे मी तिला रोज सांगते. ती मान डोलावते. हसताना मात्र अजून तोंडावर हात ठेवते.