टिंक्चरवाले चाचा

कंपाउंडरचाचा कुठेही जेवायला बसोत, ताटातला एक घास बाजूला काढून त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकायचेच, असं सारं वसमत गाव सांगे. भाकरी, भात काळानिळा पडे. अंड्यावर थेंब तांबूसच राही. "काळं झालं ते सरपण. त्यानं जोर येतो. अंडं, दूध म्हंजी इटा. त्याबिगर भिंत उभी राहत न्हाई," असं ते समजावत. बायको मात्र अन्नाची नासाडी करता म्हणून त्यांना बोल लावी.

निजामाच्या राजवटीतले ते दिवस. माझी दीड वर्षाची कुसुम तापातून उठली होती. आमचं घर सोवळ्याचं. दूध, डाळ तिला सोसेना, म्हणून महिनाभर नुसती साबुदाण्याची पेज पाजली. ती गुबगुबीत दिसू लागली तशी सासूबाईंनी बाळसं धरलं म्हणून दृष्ट काढली. औषध घेऊन आलेल्या चाचांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"बाई, हे बाळसं न्हाई, पाणी हाय. काहून नुसतं सरपणच भरून राहिल्या? लेकराच्या अंगात एक बी इट न्हाई."

मी घाबरले. अंडं मीच मागितलं. रोज मागच्या दारी चाचा एक उकडलेलं अंडं देऊन जात आणि मी ते पेजेत कुस्करून भरवी. हळूहळू सूज उतरली, पोर पावलं टाकू लागली. आणि एके दिवशी सासूबाईंना चुलीपाशी टरफल सापडलं.

"चाचांनी औषध म्हणून दिलं. मला काय ठाऊक?" मी म्हणाले आणि नामानिराळी झाले. ते वाक्य आठवलं की या वयातही मला माझीच लाज वाटते.

यजमान तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, "व्हय साब, दवा म्हनून मीच दिलं. बाईंना ठाऊक न्हवतं." यजमानांनी हे घरी मोठ्या फुशारकीने सांगितलं. मी पोळ्या लाटत राहिले. चाचांची नोकरी गेली.

आठवड्याने ते बिऱ्हाड घेऊन डोंगरकडा गावी भावाकडे निघाले. आमच्या दारापाशी त्यांनी बैलगाडी थांबवली.

"बाई, लेकरू चालून राहिलं का?"

कुसुम माझं बोट धरून उभी होती. त्यांना बघून ती हसत पुढे निघाली. सासूबाई ओसरीवरून पाहत होत्या. मी तिला मागे ओढलं आणि दार लावून घेतलं.