देवपुरात अक्काची खानावळ होती

पुण्याहून कामासाठी जळगावला आलो होतो. तिथून सकाळच्या एसटीने धुळ्याला निघालो ते फक्त अक्काच्या हातची कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खायला. धुळ्यात कॉलेजला असताना तीन वर्षं मी तिच्या खानावळीत जेवलो. टायफॉइड झाला तेव्हा ती रोज पेज घेऊन खोलीवर यायची.

पारोळ्याला चहा झाला. पुढे दोन्ही बाजूंना कपाशी. धुळ्यात रिक्षा केली, पांझरा नदीचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो आणि म्हणालो, "अक्काच्या खानावळीपाशी थांबवा."

"बर्गरवाल्याकडे म्हणा की," रिक्षावाला म्हणाला.

खानावळीच्या जागी एका परदेशी साखळीचं काचेचं दुकान होतं, पुण्यात माझ्या गल्लीच्या तोंडाशी आहे तसंच. दारावर नथ घातलेल्या बाईचं चित्र आणि खाली 'आजीच्या हातची चव'. चित्राखाली लाल टोपी घालून एक म्हातारी काच पुसत होती. ती वळली. अक्का.

"जागा भाड्यानी व्हती, मालकनी ईकी टाकी," ती म्हणाली. "माले कामले ठेवं तेच बरं." (मालकाने विकून टाकली. मला कामावर ठेवलं तेच बरं.)

"आत भाकरी मिळते?"

"आठे बठ्ठं बर्फमा येस." (इथे सगळं गोठवलेलं येतं.)

मला मागच्या पायरीवर नेऊन तिने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. पहिला घास घेतला तोच मॅनेजर आला. पंचविशीचा असेल.

"मावशी, बाहेरचं अन्न इथे चालत नाही. कितीदा सांगायचं?"

माझा तोल गेला. "दारावर आजीची चव विकता आणि आजीला भाकरी खाऊ देत नाही?" आतली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. तो अक्काकडे वळला.

"मावशी, आज घरी जा. उद्याचं उद्या बघू."

मी अक्काची माफी मागू लागलो. तिने डबा बंद केला.

"भाऊ, तू तुन्हा गावले चालना जाशी. माले सकाय आठेच येनं शे." (तू तुझ्या गावाला निघून जाशील. मला उद्या इथेच यायचंय.)

घरापर्यंत सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली.

परतीच्या एसटीत त्या कंपनीला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. पण वीस वर्षांत मी एकदाही देवपुरात आलो नव्हतो. खानावळ मोडली, हेही मला रिक्षावाल्याकडून कळलं. भाषण मी ठोकलं आणि दिवस तिचा बुडाला. दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलं की नाही, ठाऊक नाही. विचारायला माझ्याकडे तिचा नंबरही नाही.