नावे उजव्या बाजूला

रेवणप्पा सर आता काय खात असतील, त्यांच्याकडे कोणी नीट बघत असेल का, हा घोर अकरा दिवस प्रमोदिनीच्या मनातून जात नव्हता. एकोणीस वर्षांत त्यांची आठवण आली नव्हती असं नाही. पण आठवण वेगळी आणि घोर वेगळा. आठवण येते आणि जाते. घोर पोळी लाटताना बाजूला येऊन उभा राहतो.

सरांचा फोन नंबर तिच्याकडे होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिने तो पेन्सिलीने लिहून ठेवला होता. रोज सकाळी ती पान उचलायची, आकडे वाचायची आणि पान सोडून द्यायची.

तिचे यजमान श्रीनाथराव एकदा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "किती वेळा बघशील? एकादशी आहे तिथंच आहे."

"तुम्ही चहा प्या."

नंबर मिळाला तो माणिकप्पाकडून. सर शिकवायचे त्या लातूरच्या क्लासमध्ये तो पूर्वी फी घ्यायला बसायचा. आता चाकूरला त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. फोनवर तो म्हणाला होता, "सर हायेत की, ताई. इथंच चाकूरला, पुतण्याकडं. डोळ्यांनी कमी दिसतंय, पण जीभ शाबूत हाय. आता कशी काय आठवण काढली?"

आठवण प्रमोदिनीने काढलीच नव्हती. ती काढली होती तिच्या मुलीने, मनूने, हेलसिंकीहून.

मनू, म्हणजे मनस्विनी, फिनलंडमध्ये चित्रकार आहे. तिथे शिकायला गेली, तिथलीच झाली. आता पासपोर्टही तिकडचा. नांदेडमध्ये कोणी विचारलं की प्रमोदिनी सांगते, "चित्रांची प्रदर्शनं भरवते." पुढे लोक विचारतात, "विकली जातात का?" मग ती विषय बदलते.

पहिलं प्रदर्शन तुर्कू नावाच्या गावात झालं, ग्रंथालयाच्या तळघरातल्या बोळात. फोनवर प्रमोदिनीने विचारलं होतं, "तिकीट होतं का?"

"नाही गं आई."

"मग लोक कशाला आले?"

"बाहेर उणे अठरा होतं."

दोघी खूप हसल्या होत्या. मग औलू झालं, तांपेरे झालं, एकदा स्टॉकहोमला आणखी चौघांबरोबर झालं. दर वेळी टपालाने एक पुस्तिका यायची. प्रमोदिनी ती खाकी कव्हर घालून कपाटात ठेवायची. चित्रं सगळी एकाच जातीची. घर मधोमध उभं कापल्यासारखं काढलेलं. आतलं सगळं दिसतं. बारीक काळी रेघ, कुठेही छाया नाही. प्रत्येक वस्तूपासून एक सरळ रेघ उजवीकडे निघते आणि तिच्या टोकाला मराठीत नाव: माठ. मच्छरदाणी. फिजिक्सच्या नोट्स. चौघींच्या चपला. तिकडचे लोक ती न कळणारी अक्षरं गप्प उभे राहून बघतात, असं मनू सांगायची. एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं की अशी नजर या चित्रकर्तीला कुठून मिळाली, हे कोडं आहे.

प्रमोदिनीला ते कोडं नव्हतं.

रेवणप्पा सर मूळचे तेरणाकाठच्या एका गावचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्र्याण्णव साली गणपतीत लातूरच्या एका मंडळाचे पडदे रंगवायला आले होते. विसर्जन आटोपायला रात्र झाली, म्हणून मुक्कामाला राहिले. पहाटे जमीन हलली. गावी पोचले तेव्हा गाव नव्हतं. दगड आणि पांढरी माती होती. त्यांच्या घरात बायको आणि दोन मुलं होती. दुपारपर्यंत तिघांना बाहेर काढलं. तिघंही गेलेले.

त्यानंतर सर कुठेतरी जाऊन बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मदतीला आलेले जवान विचारत होते, या ढिगाऱ्याखाली माणसं नेमकी कुठे झोपायची? कुठून खणायचं? सांगणाऱ्याच्या हाताला दिशाच राहिली नव्हती. सरांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि कोळशाने शेजारचं घर मधोमध कापून काढलं. वर माळवदाची माती, खाली लाकडी खण, इकडे चूल, इकडे कणगी, इथे म्हातारी झोपते. उजवीकडे नावं लिहिली. तीन दिवसांत तशी तीस घरं काढली. वाड्यावस्त्यांवर पोथी सांगायला, बोर्ड रंगवायला ते घरोघर गेलेले. कुणाची उतरंड कुठल्या भिंतीला, हे त्यांना पाठ होतं. त्या पुठ्ठ्यांवरून एक म्हातारी आणि एक वासरू जितं निघालं. बाकी नुसतेच देह निघाले.

हे सगळं प्रमोदिनीला नंतर कळलं. सत्त्याण्णव साली तिला एवढंच माहीत होतं की मनूला घातलं त्या लातूरच्या क्लासमध्ये आकृत्यांसाठी वेगळे सर आहेत.

तेव्हा लातूर म्हणजे पंढरीच झाली होती पालकांची. धर्माबादपासून मुरुडपर्यंतची पोरं एकेका खोलीत चार-चार राहायची. बारावीच्या गुणांवर मेडिकल. अर्ध्या गुणाने नंबर हुकायचा. जीवशास्त्राच्या आकृतीला गुण असायचे, म्हणून सर नेमलेले. त्यांचे नियम भिंतीवर लिहिलेले होते. पेन्सिलीला टोक. रेघ एकदाच. छाया द्यायची नाही. नावं उजव्या बाजूला, एकाखाली एक. आणि तोंडी एक नियम होता, तो मनूने पहिल्या आठवड्यातच पत्रात लिहून पाठवला होता: "चित्र वाकडं चालंल, पोरांनो. नाव चुकलं की सगळी आकृती रद्द."

त्या वर्षी सरांनी एक प्रदर्शन भरवलं. त्यांच्या आयुष्यातलं एकुलतं एक. क्लासच्या हॉलमध्ये दोरी बांधून त्यांनी ती तीस घरं कागदावर नीट काढून लावली आणि शेवटी एकतिसावं, स्वतःचं. रविवार होता, पालक भेटायला आलेले. कोणीतरी म्हणालं, सरांनी आकृत्या लावल्यात. झालं! आईबापांनी वह्या काढल्या. एक गृहस्थ मुलाला ओरडत होते, "अरे, नावं उतरव आधी, चित्र मागून काढ!" कणगी, उतरंड, देवळी, पाळणा, पोरं भराभरा उतरवत होती.

प्रमोदिनी नांदेडहून पहाटेच्या एसटीने आली होती. तीही त्या गर्दीत होती. बी. ए. झालेली, जिल्हा परिषदेत नोकरीला असलेली बाई, पण तिनेच पुढे होऊन विचारलं, "सर, हे पेपरात येतं का?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. म्हणाले, "आलं होतं ना, ताई. त्र्याण्णवला. सगळं गाव नापास झालं."

तिला अर्थ लागायला दोन क्षण गेले. मग तिने एकतिसावं चित्र पाहिलं. चूल. कणगी. शकुंतला. थोरला. धाकटा. आणि सगळ्यात खाली एक रेघ दारातून निघून कागदाच्या कडेपर्यंत गेलेली, कडेवर तुटलेली. तिथे लिहिलं होतं: मी, लातुरात.

मनू त्या चित्रासमोरून हलेना. तिथून पुढे ती दर रविवारी सरांच्या खोलीवर जायला लागली. पूर्वपरीक्षेत तिने हृदयाची आकृती अशी काढली की वर्गात फिरवली गेली. आणि तीन प्रश्न कोरे सोडले.

जानेवारीत प्रमोदिनी पुन्हा लातूरला गेली. क्लासच्या मालकांसमोर बसून जे बोलली ते तिला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "आम्ही मुलीला डॉक्टर व्हायला पाठवलीय, लोकांच्या भूकंपाचं दुःख उगाळायला नाही. तुमचे ते सर असतील तर मी मुलीला आजच काढते. आणखी दहा पालक माझ्याबरोबर काढतील." दहा पालक नव्हते. एकही नव्हता.

बाहेर आली तर माठाजवळ सर उभे होते. हातात भरलेला पेला होता. दार उघडंच होतं. सर म्हणाले, "ताई, आता नांदेडची गाडी मिळंल का? उशीर झाला तुम्हाला."

दुसऱ्या दिवसापासून ते क्लासमध्ये नव्हते. मनूने रडून फोन केला होता. "आई, सर सोडून गेले. गावाकडं शाळेत काम मिळालं म्हणाले. मीच सोडतोय म्हणाले. तू नीट अभ्यास कर म्हणाले." प्रमोदिनी म्हणाली, "बरं झालं त्यांचं."

काम मिळालं नव्हतं. माणिकप्पाने अकरा दिवसांपूर्वी तेही सांगितलं, तिने न विचारता. "कुठलं काम, ताई! चार-पाच वर्षं क्लासच्याच जाहिराती रंगवल्या भिंतींवर. पहिला आलेल्या पोराचं नाव, गुण, गाव. मग फ्लेक्स आलं, तेबी गेलं."

मनू डॉक्टर झाली नाही ती नाहीच. ते दुःख कधीच विरून गेलं. हे मात्र विरलं नाही.

आता हेलसिंकीच्या एका मोठ्या संग्रहालयात मनूचं प्रदर्शन भरणार होतं, तीन दालनांत. एका दालनात तिला सरांची ती एकतीस घरं लावायची होती, सरांच्या नावाने. झेपलं तर सरांनाही न्यायचं होतं. "आई, तू फक्त शोधून दे," ती म्हणाली होती. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा प्रमोदिनीने सांगितलं, "चौकशी चालू आहे." आयुष्यभर कार्यालयात ऐकलेलं वाक्य, वापरायला सोपं गेलं.

काल मनूने नव्या चित्राचा फोटो पाठवला. "पुस्तिका सोमवारी छापायला जाते. नावं तपासून दे, शुद्धलेखन तुझं चांगलं." चित्र क्लासच्या त्या हॉलचं होतं, मधोमध कापलेलं. बाक. पंखा. माठ. कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची. खुर्चीपासून निघालेली रेघ चौकटीबाहेर गेली होती आणि संग्रहालयाच्या भिंतीवरून पुढे जाणार होती, असं मनूने कळवलं होतं. उजवीकडे लिहिलं होतं: रेवणप्पा सर, जानेवारी १९९८मध्ये स्वतःहून गेले.

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आज सकाळी प्रमोदिनीने पुन्हा कॅलेंडरचं पान उचललं. श्रीनाथराव टेबलाशी बसून शेंगा सोलत होते. त्यांना गेल्या आठवड्यात तिने सगळं सांगितलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

आता म्हणाले, "अगं, पाठवून दे नंबर पोरीला. ती बोलेल सरांशी. ते काही तुझं नाव सांगायचे नाहीत. तेव्हा नाही सांगितलं, आता कशाला सांगतील?"

"हाच तर घोर आहे," प्रमोदिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"नाहीच सांगायचे ते. आंधळे व्हायला आले तरी मलाच झाकतील. मनू विचारेल, सर म्हणतील मीच सोडलं. आणि ते भिंतीवर लागेल. त्यांच्याच चित्रांशेजारी."

श्रीनाथरावांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "पोरगी काय म्हणेल, विचार केलास? एवढ्या लांब राहते. बोलणं बंद केलं तर आपण जायचं कुठे?"

मनू बोलणं बंद करू शकते. लहानपणी एका फुटलेल्या पाटीवरून तिने चार दिवस तोंड उघडलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा येणारा तो एक आवाज, तेवढंच आता प्रमोदिनीचं होतं. सरांना फोन लावणं त्या मानाने सोपं होतं. ते म्हणाले असते, जाऊ द्या ताई, जेवलात का? आणि तिचं मन हलकं होऊन आकृती तशीच राहिली असती.

तिने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. तिकडे सात. मनू उठून कॉफी करत असेल.

तिने कॅलेंडरचं पान सोडलं. सरांचा नंबर मागे राहिला, त्यांना फोन नंतर. डोळ्यांवर चष्मा चढवून तिने फोनमधलं क्लासच्या हॉलचं चित्र एकदा उघडलं, रिकाम्या खुर्चीची रेघ बोटाने कडेपर्यंत नेली. मग मनूचा नंबर काढला.

"दार लावून घेऊ का?" श्रीनाथरावांनी विचारलं.

"नको, उघडंच राहू द्या," ती म्हणाली आणि फोन लावला.